दाखला

आमच्या घरात एक किल्ली आहे,
वितीएवढी, दातांजवळ गंज धरलेली.
तिचं कुलूप या गावात नाही,
वणीच्या बाजारात नाही.
सिंगापुरात कुठेतरी असेल, किंवा आता नसेलही.

कवडूआजानं ती आणली.
कामठीच्या पलटणीबरोबर डोलीवाला म्हणून गेला,
पलटण परतली, हा तिकडेच राहिला,
चिनी पोरींच्या एका घराचा दरवान.

कवडू हे नाव कसं पडलं, ते आधी सांगते.
दोन लेकरं पाळण्यातच गेली, तेव्हा मायनं
तिसऱ्याला सुइणीच्या पदरात टाकलं
आणि एका कवडीला परत विकत घेतलं.
विकल्या लेकराकडे मरण बघत नाही म्हणतात.
खोटा बाजार. त्यावर तो ऐंशी वर्षं जगला.

खरा बाजार नंतर झाला.
पैनगंगेची रेती उघडी पडलेली,
लोक अंबाडीची मुळं उकरून खात होते,
तेव्हा पाल घातलेला एक छकडा आला,
आणि दोन पायल्या ज्वारीवर
त्याची बहीण रेऊ गेली. नऊ वर्षांची.
छकड्यात आधीच चौघी होत्या.
एकीनं सरकून तिला जागा दिली,
एवढंच त्यानं पाहिलं.

तिकडे साहेबाची कचेरी होती,
चिनी बायापोरींच्या राखणीची.
जहाज लागलं की साहेब वर चढायचा,
एकेकीला विचारायचा, कुणासंगं आलीस? खुशीनं आलीस?
दुभाषा विचारायचा, पोरगी पढवलेलं बोलायची,
साहेब तिच्या हातांकडे बघत राहायचा
आणि एखादीला उतरवून इथे पाठवायचा.
वहीत लिहायचे: नाव, वय, अंगावरची खूण,
कितीला घेतली, कुणी घेतली.
फोटो काढायचे.
मग कवडूआजा कुलूप लावायचा.
"बाहेरच्यासाठी का आतल्यासाठी,
मले कधी समजलंच नाई."

नवरदेव यायचे. सुतार, नावाडी, मळ्यातले मजूर.
पोरी ओळीनं उभ्या.
आजाला वणीचा बैलबाजार आठवायचा,
आणि लगेच स्वतःची लाज वाटायची,
कारण इथे निदान विचारत तरी होते, पसंत आहे का.

आ-काम नावाची एक होती, अकराची.
जाळीतून बोटं काढून
कलिंगडाच्या भाजल्या बिया त्याच्या तळहातावर ठेवायची.
एकदा खुणेनंच विचारलं, माझं गाव कोणत्या बाजूला?
त्यानं समुद्राकडे बोट केलं.
तिथे तर जिकडे तिकडे समुद्रच होता.

तो परतला तेव्हा माय नव्हती, ज्वारीची कणगी होती.
तालुक्याला जाऊन कारकुनाला म्हणाला,
दुष्काळात पोट्ट्या विकल्या, त्याची वही दाखवा.
कारकून हसला नाही, हे आजा प्रत्येक वेळी सांगायचा.
त्यानं खरोखरच कपाटं धुंडाळली.
गुरांच्या विक्रीची बुकं निघाली, साल लावलेली:
रंग तांबडा, डाव्या शिंगाला कोर,
विकणारा, घेणारा, साक्षीदार दोन.
"बैलाचा दाखला असतो, बाबा,"
तो म्हणाला, आणि कपाट बंद करायचं विसरला.

मग आजानं माझ्या बापाला बसवलं.
बाप तेव्हा दुसरीत, पाटीवरून वहीवर नुकताच आलेला.
लिही, म्हणाला.
नाव रेऊ. वय नऊ. खूण, उजव्या मनगटावर
तव्याचा चटका, अर्ध्या चंद्राएवढा.
किंमत दोन पायल्या. घेणारा, पागोटं पिवळं.
साक्षीदार, मी.
खुशी? बापानं विचारलं, कारण आजानंच रकाना सांगितला होता.
आजा बराच वेळ बोलला नाही.
"तिले कोनी इचारलंच नाई. तसंच राहू दे."

वही माझ्याकडे आहे. तो रकाना तसाच आहे.
किल्लीनं माझी नात
बिब्बे फोडते, परवा तिनं एक दात वाकवला.
मी रागावले नाही.
काल बाजारातून गोऱ्ह्याचा दाखला आणला,
त्याच पिवळट कागदावर, तेच रकाने,
आणि तो ठेवायला जागा शोधताना
चुकून त्याच वहीत घातला.
रात्री उठून काढला.